पोटगीची थकबाकी आणि सरकारचे हात

सोसायटीचे पीककर्ज थकले तर ते वसूल कोणी करायचे, असा प्रश्न महाराष्ट्रात कोणाला पडत नाही. कारखान्याकडून उसाचे बिल निघते तेव्हा सोसायटीची रक्कम आधी वळती होते आणि उरलेला पैसा शेतकऱ्याच्या हाती पडतो. पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे कर्ज घेताना कर्जदाराने कपातीचा करार लिहून दिला, की १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या ४९ व्या कलमाप्रमाणे मालकाला तो हप्ता पगारातून कापून संस्थेकडे भरावाच लागतो. सरकारी महसूल थकला तर तलाठी दारात येतो, नोटीस लागते, जमिनीवर बोजा चढतो. कर्जदार गावात आहे की परगावी गेला, याचा तपास सोसायटीच्या अध्यक्षाने घरचे काम टाकून करावा, असे कोणी म्हणत नाही.

पण न्यायालयाने एखाद्या बापाला आपल्या मुलाच्या अन्नवस्त्रासाठी दरमहा तीन हजार रुपये देण्याचा हुकूम केला आणि बापाने त्यातला एक पैसाही दिला नाही, तर तो वसूल करण्याची जबाबदारी कोणावर येते? त्या मुलाच्या आईवर. हुकूम न्यायालयाचा, कायदा संसदेचा, पोलीस सरकारचे, आणि वसुली मात्र त्या बाईने करायची. सावकारालासुद्धा आपल्या येण्यासाठी इतके हिंडावे लागत नाही.

तालुक्याच्या न्यायालयात पोटगीच्या तारखेला तासभर जरी कोणी बसला, तरी त्याला हे सारे डोळ्यांनी पाहता येते. पोटगीचा हुकूम हाती पडायलाच काही वर्षे गेलेली असतात. मग थकबाकीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. त्याचे समन्स निघते आणि ते ज्या पोलीस ठाण्याकडे जाते तिथून बहुधा एकच शेरा परत येतो : सदर इसम मिळून येत नाही. तो इसम गावच्या जत्रेत, लग्नकार्यात, निवडणुकीच्या प्रचारात सर्वांना मिळून येतो. फक्त समन्स घेऊन गेलेल्या शिपायाला मिळत नाही. मग न्यायालय त्या बाईलाच विचारते, त्याचा आताचा पत्ता काय? तो कुठे कामाला आहे? पगार किती? जमीन असेल तर सातबाराचा उतारा कुठे आहे? ही माहिती मिळविण्यासाठी तिने मजुरी बुडवायची, नणंदेच्या गावी ओळखीपाळखीने निरोप धाडायचे, कारखान्याच्या फाटकावर चौकशी करायची. एस.टी.चे भाडे २०२३ पासून स्त्रियांना निम्मे झाले आहे. तारखेच्या दिवसाची मजुरी मात्र पूर्वीइतकीच पूर्ण बुडते. शेवटी पकड वॉरंट निघाले तर बाप वकिलासह हजर होतो, थकलेल्या रकमेपैकी थोडी रक्कम भरतो, उरलेल्या रकमेसाठी मुदत मागतो आणि ती त्याला मिळते. दरम्यान पुढच्या चार महिन्यांची पोटगी थकलेली असते.

याला कायद्याची उणीव म्हणता येणार नाही. पोटगीचा कायदा ब्रिटिश अमदानीतल्या फौजदारी संहितेतही होता. १९७३ च्या संहितेचे १२५ वे कलम तोच वारसा घेऊन आले आणि दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादाही घेऊन आले. केंद्राच्या कायद्यातील ही मर्यादा उठायला २००१ साल उजाडावे लागले. ती संहिता १९७४ साली अमलात आली. त्यानंतरच्या या २७ वर्षांत महागाई भत्त्यासाठी कामगारांनी किती संप केले आणि खासदारांनी स्वतःचे वेतन कितीदा वाढवून घेतले, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून १२५ वे कलम आता १४४ वे झाले आहे. नाव बदलले, वसुलीची रीत तीच राहिली. दंड वसूल करतात त्याप्रमाणे थकबाकीदाराची मालमत्ता जप्त करता येते. जिल्हाधिकाऱ्याकडे वॉरंट पाठवून जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसुली करता येते. तरीही पैसा आला नाही तर दर महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद देता येते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट केले. त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये असेही ठरवून दिले की, पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोन्ही पक्षांनी आपल्या मिळकतीचे व देण्याचे शपथपत्र दाखल करावे, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यावी. दिवाणी हुकूमनाम्यात तर यापेक्षाही कडक तरतूद आहे. साध्या कर्जासाठी पगाराचा फार मोठा भाग जप्तीतून सुटतो. पोटगीसाठी मात्र पगाराचा एक तृतीयांशच सुटतो, म्हणजे दोन तृतीयांश पगारावर जप्ती आणता येते.

इतकी आयुधे कायद्याच्या पेटीत असताना ती गंजत का पडतात? कारण ती उचलण्याचे काम कोणत्याही सरकारी नोकरावर सोपवलेले नाही. बँकेला वसुली अधिकारी असतो, सहकारी संस्थेला असतो, नगरपालिकेला असतो. पोटगीला नसतो. प्रत्येक पाऊल त्या बाईने अर्ज केला तरच पडते, आणि रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज आला नाही तर त्या थकबाकीचे वॉरंटही निघू शकत नाही. आपल्या मुलांना टाकून गेलेल्या माणसाला कायद्याने मुदतीचे हे संरक्षण दिले आहे. दीड वर्ष सापडायचे नाही, एवढे जमले की मागचे सहा महिने माफ.

यामागे एक जुनी समजूत आहे. पोटगी ही नवराबायकोच्या भांडणातली बाब आहे, आणि घरच्या भांडणात सरकारने फार पडू नये, अशी ती समजूत. दिवाणखान्यातल्या सद्गृहस्थाची ती असली तर नवल नाही. पण कामगार चळवळीत वाढलेल्या माणसांनीही ती डोक्यात बाळगावी, हे मात्र नवल आहे. कारण या चळवळीने स्वतः मांडलेले गणित त्या समजुतीला पूर्णपणे खोटे पाडते. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाची कसोटी ठरवली. एका कमावत्या माणसामागे कुटुंब म्हणून तीन उपभोग घटक धरावेत आणि त्यांचे अन्न, कापड, घरभाडे, सरपण-दिवाबत्ती यांचा खर्च निघेल इतके वेतन असावे, असे तिचे म्हणणे. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण व औषधपाणी धरून २५ टक्क्यांची भर घालावी असे सांगितले. पुरुषाचा एक घटक सोडला तर उरलेले दोन घटक बायकोचे आणि मुलांचे आहेत. फाटकावरच्या सभेत प्रत्येक नेत्याने हेच सांगितले आहे की, कामगार स्वतःसाठी मागत नाही, तो आपल्या लेकराबाळांच्या तोंडात घास पडावा म्हणून मागतो. मग त्या लेकरांच्या नावावर मिळवलेले वेतन एकट्याने खाणारा माणूस कोणाचे खातो? ती पोटगी त्याच्या खिशातली कधीच नव्हती. ती त्याच्याकडे ठेव म्हणून आली होती आणि त्याने ती गिळली. पतसंस्थेत असे कोणी केले तर त्याला अपहार म्हणतात.

हे एकदा मान्य केले की पुढची मागणी आपोआप येते. मुलाच्या पोटगीचा हुकूम झाला की ती रक्कम पहिल्या महिन्यापासून सरकारने आईच्या खात्यात भरावी आणि बापाकडून वसूल करण्याची खटपट सरकारने आपल्या यंत्रणेमार्फत, आपल्या खर्चाने करावी. बाप सापडला नाही तर तो सरकारला सापडत नाही. त्यासाठी मूल उपाशी राहण्याचे कारण नाही.

तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर आता तरी देता येऊ नये. २०२४ साली निवडणूक तोंडावर आली असताना याच सरकारने लाडकी बहीण योजना उभी केली, दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यांत दरमहा १,५०० रुपये थेट जमा केले, आणि पात्र स्त्रियांच्या यादीत परित्यक्तांचा उल्लेख आवर्जून केला. खाते शोधून पैसा पोचवण्याची कला सरकारला अवगत आहे, हे यावरून सिद्ध होते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तर घटस्फोट होऊनही पोटगी न मिळालेल्या स्त्रीचा समावेश केव्हापासूनच आहे. म्हणजे पोटगी मिळत नाही ही गोष्ट सरकारच्या दफ्तरी नोंदलेली आहे! त्या नोंदीवरून सरकार काय करते? तिला निराधार म्हणून २०२३ पासून १,५०० रुपये अनुदान देते, तेही उत्पन्नाची अट पार केली तर. आणि ही अट वर्षाला २१,००० रुपये इतकी हास्यास्पद दीर्घकाळ राहिली. ज्या माणसाने तिला निराधार केले त्याच्याकडे मात्र सरकार एक पत्रही पाठवत नाही. त्याचे देणे सरकार स्वतःच्या अंगावर घेते, ते अर्धेमुर्धे घेते आणि त्याला मोकळे सोडते. भावाने ओवाळणी घालावी हे ठीक आहे. पण बहिणीचे न्यायालयाने मंजूर केलेले येणे जो बुडवतो त्याचा हात धरायचा की नाही?

ही मागणी कोणाला स्वप्नाळू वाटेल, तर तिला परदेशात जुने दाखले आहेत. पोलंडने १९७४ साली कायदा करून पोटगी निधी स्थापन केला. बापाकडून पैसा वसूल होत नसेल तर निधीतून मुलाला द्यायचा आणि मग बापाच्या मागे लागायचे, अशी ती रचना होती. २००४ साली काटकसरीच्या नावाखाली तो निधी मोडला गेला. मुलांना एकट्याने वाढवणाऱ्या मातांनी सह्यांची मोहीम काढली, आंदोलन केले आणि २००८ साली निधी परत आणला. पश्चिम जर्मनीने १९८० पासून पोटगी आगाऊ देण्याचा कायदा अमलात आणला. सुरुवातीला तो अगदी लहान मुलांपुरता आणि थोड्या काळापुरता होता. २०१७ पासून तो मुलाच्या वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत लागू आहे. तिथेही दिलेला सारा पैसा बापांकडून परत येत नाही. पण तो तोटा सरकारचा असतो, मुलाचा नसतो, आणि फरक आहे तो नेमका इथेच.

परदेशात सगळे चांगलेच घडते असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये १९९३ साली मुलांच्या पोटगीसाठी स्वतंत्र संस्था सुरू झाली. तिच्या उभारणीत मुलांच्या पोटापेक्षा सरकारी मदतीवरचा खर्च वाचवण्याचा विचार अधिक होता. सरकारी मदतीवर जगणाऱ्या आईसाठी बापाकडून जेवढे वसूल होई तेवढी तिची मदत कापली जाई. मुलाच्या ताटात काहीच वाढत नसे. कारभाराचा घोळ इतका झाला की पुढे ती संस्था गुंडाळावी लागली. वसुलीचे खाते उघडा एवढीच मागणी केली आणि आधी मूल, मग वसुली हा क्रम धरून ठेवला नाही, तर आपल्याकडचे अर्थखाते तोच डाव टाकील. लाडकी बहीण बंद, निराधार अनुदान बंद, पोटगी मिळाली ना, असे सांगायला त्याला वेळ लागणार नाही.

या मागणीवर एक आक्षेप प्रामाणिक आहे. बापच भूमिहीन मजूर असेल, ऊसतोडीला जाऊन सहा महिने पालात राहत असेल, तर त्याच्याकडून वसूल काय करणार? त्याला तुरुंगात टाकले तर त्याची मजुरीही गेली. हे खरे आहे, आणि नेमके याचसाठी सरकारने आधी द्यावे. गरीब बापाला तुरुंग आणि पैसेवाल्या बापाला तारीख, असा आजचा न्याय आहे. सरकार स्वतः देणेकरी झाले की कोण खरोखर देऊ शकत नाही आणि कोण जमीन भावाच्या नावावर करून हात वर करतो, याची पारख करण्यात त्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतेल. आज त्याला तशी काही गरज नाही. दुसरा आक्षेप प्रामाणिक नाही : बाईने नांदायला जावे म्हणजे पोटगीचा प्रश्नच उरत नाही, हा तो आक्षेप. आई नांदते की नाही, तिची चूक की नवऱ्याची, याचा मुलाच्या पोटगीशी काडीचा संबंध नाही. कायदाही तो मानत नाही. आईबापांचे लग्न कायदेशीर नसले तरी मुलाचा हक्क कायम राहतो.

पोटगीच्या नावाने देशात सर्वांत मोठा गदारोळ १९८५ साली झाला. शहाबानो प्रकरणात इंदूरच्या न्यायालयाने दरमहा २५ रुपये आणि उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे मंजूर केले होते. त्या आकड्यावरून सरकार हलले, १९८६ चा कायदा झाला, धर्म, राष्ट्र, समान नागरी कायदा यांवर रकाने भरले. मुस्लिम मुलांचा १२५ व्या कलमाखालचा हक्क शाबूत आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली आणि घटस्फोटित मुस्लिम स्त्रीचाही आहे हे २०२४ साली सांगितले. या चार दशकांत हक्क कोणाला आहे यावर जेवढी शाई खर्च झाली, त्याच्या शतांशानेही मंजूर झालेला पैसा घरी पोचतो का याची चौकशी झाली नाही. हिंदू बापही पोटगी तितक्याच निर्धास्तपणे बुडवतो, ही गोष्ट त्या गदारोळात सोयीस्करपणे झाकली गेली.

आता थोडे घरातले. कामगार संघटनांच्या आणि पक्षाच्या कार्यालयांत टाकलेल्या बायका येतात, त्यांची गाऱ्हाणी ऐकली जातात आणि पुष्कळदा समेटही घडवून आणला जातो. तो कसा असतो? चार प्रतिष्ठित माणसे जमतात, एक ठोक रक्कम ठरते, मुद्रांकाच्या कागदावर फारकत लिहिली जाते आणि पुढे मुलांच्या पोटगीबद्दल काही मागणार नाही, असे आईकडून लिहून घेतले जाते. कार्यकर्ता समाधानाने घरी जातो. वास्तविक आईला मुलाचा हक्क असा विकता येत नाही. पण हे तिला सांगायचे कोणी? सांगणाराच पंच म्हणून सही करून मोकळा झालेला असतो. आणि थकबाकीदार संघटनेचा चांगला लढाऊ सभासद असला, तर गोष्ट आणखी नाजूक होते. ‘त्याच्या घरगुती भानगडीत आपण कशाला पडा’, हे वाक्य अशा वेळी लढाऊ तोंडांतूनही ऐकू येते. त्याच तोंडांनी तीन उपभोग घटकांची मागणी केलेली असते.

महाराष्ट्रात यापेक्षा वेगळी परंपराही आहे. समता आंदोलनाने १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद घेतली, तेव्हा या स्त्रिया घराबाहेर पडून प्रथमच एकमेकींना समूह म्हणून दिसल्या. एकटीची लाज तिथे सर्वांची मागणी झाली. शिधापत्रिकेसारखे प्रश्न त्या चळवळीने वेशीवर टांगले. वसुलीचा प्रश्न तसाच टांगायला हवा, आणि कायदा बदलेपर्यंत हातात आहे ते वापरायला हवे.

आणि हातात पुष्कळ आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला आणि मुलाला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारातच असते, आणि १५१०० या क्रमांकावर विचारणाही करता येते. पोटगीच्या कामात स्त्रियांना न्यायालयीन शुल्काची माफी महाराष्ट्राने १९९४ सालीच दिली आहे. थकबाकीचा अर्ज वर्ष उलटण्याआधी पडला की नाही, हे पाहण्यासाठी वकिलाची गरज नाही. एक वही आणि तारखा लिहिणारा एक माणूस पुरतो. सर्वांत दुर्लक्षित हत्यार २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायद्यात आहे. त्याच्या २० व्या कलमाखाली न्यायालयाने मुलांच्या निर्वाहाची रक्कम ठरवली आणि ती आली नाही, तर न्यायालय थकबाकीदाराच्या मालकाला, किंवा ज्याच्याकडून त्याला पैसे येणे आहे अशा कोणालाही, ती रक्कम परस्पर त्या स्त्रीला देण्याचा आदेश देऊ शकते. ‘अशा कोणालाही’ या शब्दांचा अर्थ ग्रामीण महाराष्ट्रात फार मोठा आहे. उसाचे बिल देणे असलेला कारखाना त्यात येतो. दर दहा दिवसांनी दुधाचा पैसा वाटणारी संस्था त्यात येते. घरी मिळून न येणारा माणूस दुधाच्या काट्यावर रोज सकाळी मिळून येतो. तिथल्या नोंदवहीचा उतारा अर्जाला जोडून आदेश मागण्याचे काम एका तालुक्यातल्या पाच कार्यकर्त्यांनी वर्षभर केले, तर त्या तालुक्यात काय घडते ते पाहण्यासारखे होईल.

राहिली एक गोष्ट, तिला न्यायालयाचीही गरज नाही आणि विधानसभेचीही नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टी मागणी होऊनही तीन महिने थकवली तर माणूस पंचायतीचा सदस्य राहण्यास अपात्र ठरतो. सहकारी संस्थेचे कर्ज थकवले तर संचालक मंडळावर बसता येत नाही. मुलाची पोटगी थकवून मात्र सरपंच होता येते, संचालक होता येते, आमदारही होता येते. कायद्यात ही अपात्रता घालायला किती वर्षे लागतील ती लागोत. पण पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या आणि संघटनेच्या पदासाठी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाकडून घरपट्टीच्या दाखल्याबरोबर आणखी एक प्रतिज्ञापत्र घेता येईल : आपल्यावर कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमाप्रमाणे मुलांची पोटगी थकलेली नाही. ते येत्या निवडणुकीच्या अर्जापासूनच घ्यावे, आणि ते खरे आहे की खोटे हे त्या मुलांच्या आईला विचारून पाहावे.